निरंक आणि अप्राप्त: प्रोग्राम सुरू होण्याआधीची रजिस्टरे

मागच्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या दिघ्यातल्या गल्लीतला एक मुलगा वही घेऊन घरी आला. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचे दुसरे वर्ष. वहीत एक छोटासा प्रोग्राम होता आणि त्याखाली तीन उत्तरे लिहिली होती: ७बी, ए०, सी५.

"काका, तुमच्या कॉम्प्युटरवर हा बरोबर चालतो. कॉलेजच्या किटवर तीनदा चालवला, तीनदा वेगळं उत्तर आलं. प्रोग्राम चुकलाय म्हणावं, तर तुमच्याकडे बरोबर कसा येतो?"

'तुमच्या कॉम्प्युटरवर' म्हणजे मी लिहिलेल्या सिम्युलेटरवर. इंटेलचा ८०८५ हा प्रोसेसर १९७६ साली बाजारात आला. कारखान्यांतून तो कधीच हद्दपार झाला, पण आपल्या डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांत त्याने पुढे कित्येक पिढ्या शिकवल्या. किट कॉलेजात असते, घरी नसते. म्हणून मी चारएक वर्षे संध्याकाळी बसून या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला एक डीबगर जोडला. डीबगर म्हणजे प्रोग्राम एकेक पाऊल थांबवत चालवून आत काय चालले आहे ते दाखवणारे साधन. मी कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी केली, आणि ८०८५ शिकलो तो फोर्टच्या फुटपाथवर जुन्या भावात मिळालेल्या रमेश गावकरांच्या पुस्तकातून. (१९८४ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक इथल्या मुलांना पाठ्यपुस्तकासारखेच पाठ असायचे.) तेव्हा माझी नक्कल किती हुबेहूब होती, हा प्रश्न त्या मुलाने विचारला ते योग्यच झाले.

प्रोग्रामचे काम साधे होते: स्मृतीत ओळीने ठेवलेल्या पाच संख्यांची बेरीज. ५, १०, १२, ३ आणि ७. उत्तर ३७. प्रोसेसरच्या जगात संख्या सोळाच्या पायावर लिहितात. नऊनंतर ए ते एफ ही अक्षरे दहा ते पंधरासाठी वापरतात. त्या हिशेबात ३७ म्हणजे २५, म्हणजे दोन वेळा सोळा अधिक पाच. माझ्या सिम्युलेटरवर २५ येत होते. किटवर ७बी, ए०, सी५.

चहा होईपर्यंत मी नुसता त्या तीन आकड्यांकडे बघत होतो. मग वजाबाकी केली. ए० वजा ७बी म्हणजे २५. सी५ वजा ए० म्हणजेही २५. किट बेरीज अगदी बरोबर करत होते. दर वेळी पंचवीसच मिळवत होते. फक्त कशात मिळवत होते, ते ठरलेले नव्हते.

प्रोग्राममध्ये एक ओळ कमी होती. बेरीज ज्या जागेत साठत जाते ती जागा आधी रिकामी करण्याची. मुलाची चूक इतकीच. माझी चूक त्याहून मोठी होती, कारण माझ्या सिम्युलेटरने ती चूक झाकली होती.

रजिस्टर हा शब्द आपल्याला हजेरीच्या वहीमुळे ओळखीचा आहे. प्रोसेसरच्या पोटातली रजिस्टरे म्हणजे हाताशी ठेवलेल्या अगदी थोड्या पाट्या. स्मृती म्हणजे मागचे कोठार. रजिस्टर म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या मांडीवरची पाटी, जिच्यावर तो चालू हिशेब करतो. ८०८५ मध्ये अशा एकेका बाइटच्या सात पाट्या आहेत: ए, बी, सी, डी, ई, एच आणि एल. बेरीज साठते ती 'ए' मध्ये. शिवाय पुढची आज्ञा कुठे आहे ते सांगणारा प्रोग्राम काउंटर, स्टॅक पॉइंटर, आणि 'उत्तर शून्य आले का', 'हातचा राहिला का' अशा खुणा ठेवणारे फ्लॅग.

यंत्र सुरू करून रिसेटचे बटण दाबले की या पाट्यांवर काय असते? प्रोग्राम काउंटर शून्यावर येतो, इंटरप्ट घेणे बंद होते, आणि बाकी रजिस्टरांविषयी इंटेलचे तांत्रिक पत्रक सरळ हात वर करते: रिसेटमुळे ती आणि फ्लॅग बदलूही शकतात, आणि कसे बदलतील ते सांगता येणार नाही. 'शून्य होतील' असे कुठेही लिहिलेले नाही. आणि माझ्या सिम्युलेटरच्या खिडकीत, प्रोग्राम चालवण्याआधी, सातही रजिस्टरांपुढे स्वच्छ अक्षरांत ००, ०० असे लिहिलेले होते.

किटमधली गोष्ट आणखी मजेची आहे. किटवर रजिस्टर बघण्यासाठी एक बटण असते. ते दाबून 'ए' म्हटले की दिव्यांच्या आकड्यांत ए ची किंमत दिसते. मुलांना वाटते आपण प्रोसेसरच्या पोटात डोकावलो. तसे ते नसते. बटण वाचणे आणि आकडे उजळणे हे कामही एक प्रोग्रामच करत असतो, किटच्या रॉममध्ये बसलेला मॉनिटर. आणि त्यालाही कामासाठी तीच सात रजिस्टरे लागतात. तो तुमची रजिस्टरे कशी दाखवणार? म्हणून तुमचा प्रोग्राम थांबला की मॉनिटर पहिल्यांदा सगळ्या पाट्या रॅमच्या एका कोपऱ्यात उतरवून घेतो, मग स्वतःच्या कामाला लागतो. तुम्हाला दिसते ती ही उतरवलेली नक्कल. परत 'गो' म्हटले की नक्कल पुन्हा पाट्यांवर चढवली जाते आणि तुमचा प्रोग्राम पुढे निघतो. इंटेलच्या एसडीके-८५ या मूळ किटमध्ये हीच व्यवस्था होती.

आता तीन उत्तरांचा उलगडा होतो. सकाळच्या बॅचमधल्या कुणीतरी ए च्या नक्कलेत ५६ सोडले असणार. पहिल्या वेळी ५६ अधिक २५ म्हणजे ७बी. हे ७बी नक्कलेत उतरले, दुसऱ्या वेळी तिथूनच चढले, म्हणून ए०. तिसऱ्या वेळी सी५. किटने काहीही लपवले नव्हते. प्रोग्राम चालवण्याआधी त्या मुलाने रजिस्टर बघण्याचे बटण दाबले असते, तर त्याला तिथे ५६ दिसले असते आणि खोट कळली असती. खोटे बोलत होते ते माझे साधन. आणि ते इतक्या सभ्यपणे बोलत होते की चार वर्षे मलाही पत्ता लागला नाही.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. पावसाळ्यात त्यांच्या टेबलावर गावोगावचे साप्ताहिक अहवाल यायचे: साथीच्या रोगाचे रुग्ण किती, जनावरे किती दगावली, घरे किती पडली. ज्या गावात काही झाले नाही त्या गावाने गप्प बसायचे नसे. त्या गावानेही अहवाल पाठवायचा आणि त्यात लिहायचे, 'निरंक'. ज्या गावाचा कागदच आला नाही त्याच्यापुढे वडील लिहीत, 'अप्राप्त'. मी लहानपणी विचारले होते, दोन्हीकडे शून्यच लिहिले तर काय बिघडेल. ते म्हणाले, "निरंक म्हणजे तलाठ्याने बघितलं आणि काही नव्हतं. अप्राप्त म्हणजे कुणी बघितलं की नाही तेच ठाऊक नाही. पुराच्या दिवसांत अप्राप्त गावाकडे आधी माणूस धाडायचा असतो." निकालपत्रातही गैरहजर मुलापुढे शून्य मांडत नाहीत. कचेरीच्या मराठीला आपण हसतो, पण 'निरंक' हा शब्द तिने तोलूनमापून घडवला आहे.

पुढे नोकरीत हाच धडा जरा महागात मिळाला. १९९० च्या दशकातली गोष्ट. कारखान्याचे नाव नको. कॉस्टिकच्या एका टाकीची पातळी कंट्रोल रूममध्ये दिसायची. टाकीवरचे उपकरण जुन्या पद्धतीचे, टाकी रिकामी तर शून्य व्होल्ट, भरलेली तर दहा. एका रात्रपाळीत वायर कुठेतरी तुटली. पॅनेलवर काटा शून्यावर आला. ऑपरेटरला वाटले टाकी रिकामी झाली, त्याने पंप चालू ठेवला. टाकी भरून वाहिली आणि खाली उभ्या असलेल्या एका हेल्परचे दोन्ही पाय भाजले. दुसऱ्या दिवशी वायर शोधायला गेलेल्यांत मी होतो. तुटलेली जागा बोटभर लांबीची होती.

या धोक्यावरचा उपाय आमच्या धंद्यात फार पूर्वीपासून आहे. पातळी, दाब, तापमान यांचे संदेश ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटने पाठवतात. मोजमाप शून्य असेल तरी तारेतून ४ मिलिअँपिअर वाहतातच. तारेत खरेच ० आले, तर ते मोजमाप नव्हे, तार तुटली आहे. याला जिवंत शून्य म्हणतात. त्याआधी हवेच्या दाबावर चालणारी उपकरणे होती. त्यांतही संदेश ३ पीएसआयपासून सुरू व्हायचा, शून्यापासून नव्हे, त्याच कारणाने. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही इन्स्ट्रुमेंट फिटरला झोपेतून उठवून विचारा, चार ते वीसच का, तो सांगेल. आणि हे ज्याच्या हाडीमाशी भिनले आहे अशा माणसाने आपल्या डीबगरमध्ये मेलेले शून्य ठेवले होते! मुलगा गेल्यावर मला याचीच जास्त शरम वाटली.

मग प्रश्न पडला की मोठी माणसे काय करतात. डीबगर हा काही आजचा प्रकार नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये टीएक्स-० या यंत्रासाठी 'फ्लिट' नावाचा डीबगर लिहिला गेला, आणि १९६१ मध्ये पीडीपी-१ साठी 'डीडीटी'. दोन्ही नावे किडे मारण्याच्या औषधांवरून. प्रोग्राममधल्या चुकीला इंग्रजीत किडा म्हणतात, म्हणून ही थट्टा. माझ्या पिढीने घराघरांत फ्लिटचा पंप पाहिलेला आहे, आणि खरे डीडीटी तर आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला तयार व्हायचे. त्या काळच्या यंत्रांवर रजिस्टर बघायला पडदा लागत नसे. समोरच्या पाटीवर एकेका बिटाला एकेक दिवा असे. पेटलेला म्हणजे १, विझलेला म्हणजे ०. अर्थात उडालेला बल्बही ० च दाखवायचा. म्हणून कारखान्यांच्या पॅनेलवर सगळे दिवे एकदम पेटवून बघण्याचे 'लॅम्प टेस्ट'चे बटण असते. निरंक आणि अप्राप्त यांचे भांडण इतके जुने आहे.

आमच्या पिढीचा पहिला डीबगर म्हणजे डॉसमधला 'डीबग'. टिम पॅटरसनने १९८० च्या सुमारास लिहिलेला. त्यात आर हे एकच अक्षर दाबले की रजिस्टरे समोर येत, आणि प्रोग्राम सुरू करण्याआधी त्यांतल्या बहुतेकांपुढे चार शून्ये असत. म्हणजे हाही खोटाच? नाही. हे नीट बघितले पाहिजे. डीबगमध्ये ती शून्ये म्हणजे करार होता. 'गो' म्हटल्यावर डीबग तेच आकडे प्रोसेसरवर चढवून मग प्रोग्रामकडे ताबा देई. तुम्हाला हवे तर सुरू करण्याआधीच एखाद्या रजिस्टरात दुसरी किंमत भरता येई, आणि प्रोग्राम त्या किमतीनेच सुरू होई. फाइल उघडली असेल तर बीएक्स आणि सीएक्स या जोडीत त्या फाइलची लांबी भरलेली असे. डीबगने स्वतः लिहिलेला निरोप. पडद्यावर जे दिसते तेच पुढे घडणार असेल, तर शून्य हे खरे शून्य आहे.

आजचा एक फार पसरलेला डीबगर जीडीबी. रिचर्ड स्टॉलमनने १९८६ मध्ये लिहिलेला, अजून वाढत असलेला, आणि ज्याचा आतला मजकूर कुणालाही वाचता येतो असा. लिनक्सवर जीडीबीत एखादा प्रोग्राम उघडा आणि सुरू न करताच रजिस्टरे मागा. तो एक वाक्य सांगतो, ज्याचा मराठीत अर्थ होतो: या प्रोग्रामला आत्ता रजिस्टरे नाहीत. रजिस्टरांची खिडकी उघडी ठेवली असेल, तर तीत किमती उपलब्ध नसल्याची एक ओळ येते. शून्ये नाहीत.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते उद्धट वाटले होते. रजिस्टरे नाहीत कशी? प्रोसेसर तर टेबलाखाली गरम होऊन बसला आहे. पण वाक्य अगदी काटेकोर आहे. डिस्कवर पडलेला प्रोग्राम हा नुसता कागद आहे. तो सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या नावाने एक संसार मांडते, त्याला स्मृती देते, आणि रजिस्टरांचा एक संच त्याच्या नावावर करते. एकाच प्रोसेसरवर शेकडो प्रोग्राम आळीपाळीने चालतात. ज्याची पाळी नसते त्याच्या पाट्या उतरवून ठेवलेल्या असतात, आमच्या किटच्या मॉनिटरसारख्याच. जीडीबी वाचतो ती ही उतरवलेली प्रत. प्रोग्राम सुरूच झाला नाही तर त्याच्या नावाने प्रतच नाही. आणि वाक्यातला 'आत्ता' हा शब्दही बघा. प्रोग्राम संपल्यावर रजिस्टरे मागितली तरी हेच उत्तर येते. जन्माआधी आणि मरणानंतर एकच वाक्य.

पण जीडीबी सगळेच नाकारत नाही. सुरू होण्याआधीही एखाद्या रजिस्टराचा प्रकार विचारला, तो पूर्णांक आहे की पत्ता, तर तो सांगतो, कारण तेवढे फाइल बघून कळते. पाटी कुठल्या मापाची असेल ते ठाऊक, पाटीवर काय असेल ते नाही. आमचे दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाले. त्याआधी काही महिने ते बांधून तयार होते, आणि ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या फलाटाला लागून न थांबता जात. त्या दिवसांत कुणी विचारले असते की फलाट किती लांब, तर सांगता आले असते. पुढची गाडी किती वाजता, याला उत्तर नव्हते, आणि इंडिकेटरवर शून्य वाजून शून्य मिनिटे लिहिणे हे उत्तर झाले नसते.

खरी गंमत पुढे आहे. २०१८ साली जीडीबीत एक आज्ञा आली, जी प्रोग्राम सुरू करून त्याच्या अगदी पहिल्या यंत्राज्ञेपाशी थांबवते. ६४ बिटांच्या नेहमीच्या पीसीवर, लिनक्समध्ये, तिथे थांबून रजिस्टरे बघा. जवळपास सगळी शून्य! फक्त पुढच्या आज्ञेचा पत्ता, स्टॅकचा पत्ता आणि दोनचार व्यवस्थेच्या गोष्टी भरलेल्या. ही शून्ये आयती आलेली नाहीत. आधीच्या कामातले उरलेसुरले नव्या प्रोग्रामच्या हाती लागू नये म्हणून लिनक्सचा गाभा ती रजिस्टरे मुद्दाम पुसतो. म्हणजे या घटकेला शून्य हे खरोखरचे निरंक आहे, कुणीतरी पाटी पुसून सही केलेले. समजा जीडीबीने सुरू होण्याआधीही सौजन्याने शून्येच दाखवली असती, तर आधीची आणि नंतरची खिडकी सारखीच दिसली असती, आणि मधे एक संसार उभा राहिला हे बघणाऱ्याला कळलेच नसते.

जीडीबीच्या आत शिरून बघितले तर हा भेद त्याच्या मुळाशीच बांधलेला आहे. प्रत्येक रजिस्टराच्या किमतीशेजारी तो तिची अवस्था वेगळी लिहून ठेवतो, आणि अवस्था तीन आहेत: अजून विचारलेच नाही, विचारले आणि मिळाले, विचारले आणि मिळणार नाही असे कळले. दूरच्या यंत्रावरचा प्रोग्राम तपासताना तारेवरून रजिस्टरे अंकांच्या माळेने येतात. एखादे मिळणार नसेल तर त्याच्या जागी अंकांऐवजी एक्स ही अक्षरे पाठवायची सोय आहे. जीडीबीच्या माहितीपुस्तकात याचे उदाहरण दिले आहे: चार रजिस्टरे, त्यांतल्या दोघांच्या जागी आठ-आठ एक्स, उरलेल्या दोघांच्या जागी आठ-आठ शून्ये. शून्याशी गल्लत होऊ नये म्हणूनच असे उदाहरण निवडले असणार. ते वाचताना मला वडिलांचे टेबल आठवले.

इतके कळल्यावर मी दुरुस्तीला बसलो, आणि पहिल्याच फटक्यात चुकलो. मी फक्त खिडकी बदलली. प्रोग्राम सुरू होण्याआधी किमतीच्या जागी दोन आडव्या रेघा. दिसायला छान. मुलाचा प्रोग्राम चालवला, उत्तर आले २५. म्हणजे पडदा खरे बोलू लागला होता, पण आत रजिस्टरे अजून शून्यच होती आणि चुकीचा प्रोग्राम अजूनही पास होत होता. बघणाऱ्याच्या दृष्टीने हे आधीपेक्षा वाईट.

दुसरा प्रयत्न: सुरुवातीला रजिस्टरांत कसलेही आकडे टाकायचे, दर वेळी वेगळे. खऱ्या यंत्रासारखे. याने चूक उघडी पडते, पण ती कशाची हे कळत नाही, आणि शिकणाऱ्या पोराला एकाच प्रोग्रामची दर वेळी वेगळी उत्तरे देणारे साधन म्हणजे छळ. तो छळ करायला किट आहेच.

शेवटी मी जीडीबीच्या वाटेने गेलो आणि थोडा पुढेही. प्रत्येक रजिस्टराशेजारी एक सावली ठेवली. रजिस्टरात आठ बिट, सावलीतही आठ. सावलीतला बिट सांगतो की शेजारचा बिट ठाऊक आहे की नाही. सुरुवातीला प्रोग्राम काउंटर सोडून सगळे अज्ञात. आज्ञा चालताना किमतीबरोबर सावलीही पुढे सरकते. बी मधून ए मध्ये किंमत नेली तर बी चे अज्ञानही ए मध्ये जाते. ही कल्पना माझी नाही. २००२ पासून लिनक्सवर असलेले व्हालग्रिंड नावाचे साधन स्मृतीतल्या चुका याच पद्धतीने पकडते. पण आठ बिटांच्या यंत्रासाठी ती हाताने लिहिताना जे कळले ते नुसते वाचून कळले नसते.

पहिली अडचण आली ती ८०८५ च्या सर्वांत लाडक्या आज्ञेत. ए रिकामे करायला बहुतेक जण 'एक्सआरए ए' लिहितात, म्हणजे ए चा ए शीच एक्सॉर. बिट सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक; स्वतःशी तुलना केली तर सगळे सारखेच, म्हणून उत्तर शून्य. माझ्या सावलीने इथे साफ नकार दिला: ए अज्ञात, तेव्हा उत्तरही अज्ञात! नियमाने बरोबर, प्रत्यक्षात चूक. ए मध्ये काहीही असो, उत्तर शून्यच येणार. अज्ञातातून ज्ञात निघू शकते. ए मधून ए वजा करण्याचेही तसेच. या दोन आज्ञांना वेगळे नियम लिहावे लागले.

मग 'अँड'. अज्ञात ए चा ०एफ शी अँड केला तर वरचे चार बिट नक्की शून्य, खालचे चार अजून अज्ञात. इथे 'ठाऊक आहे' किंवा 'ठाऊक नाही' अशी एकच खूण पुरत नाही, म्हणून सावली बिटागणिक हवी. खिडकीत हे मी '०?' असे दाखवतो. बेरीज सगळ्यांत चिवट निघाली, हातच्यामुळे. खालचा एक बिट अज्ञात असला तर त्याचा हातचा वर कुठवर जाईल सांगता येत नाही, म्हणून त्या बिटापासून डावीकडचे सगळे अज्ञात धरावे लागतात. उजवीकडचे मात्र शाबूत. फ्लॅगांत एक सुखद गोष्ट सापडली: आठांतले सात बिट अज्ञात असले आणि ज्ञात असलेला एक बिट १ असला, तर 'उत्तर शून्य आले का' याला ठामपणे 'नाही' म्हणता येते.

आणि ओरडायचे कधी? सुरुवातीला मी अज्ञात किमतीला हात लागला की घंटा वाजवत होतो. तीन दिवसांत ते बंद केले. सबरूटीनच्या सुरुवातीला प्रोग्रामर सगळी रजिस्टरे स्टॅकवर ठेवतो आणि शेवटी परत काढतो. त्यांत अज्ञात किमती असतातच, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. न वाचलेले पाकीट कपाटात ठेवणे हा गुन्हा नव्हे. म्हणून आता घंटा तेव्हाच वाजते, जेव्हा अज्ञात किमतीवरून निर्णय होतो: तिच्यावर उडी ठरते, तिचा पत्ता म्हणून वापर होतो किंवा ती पोर्टवरून बाहेर जाते. व्हालग्रिंडचेही धोरण जवळपास हेच आहे, हे माहीत असूनही मी तीन दिवस घालवले.

या सगळ्यानंतर त्या मुलाचा प्रोग्राम पुन्हा चालवला. घंटा वाजली नाही, कारण त्याच्या उड्या सी मधल्या मोजणीवर होत्या आणि सी मध्ये त्याने ५ नीट भरलेले होते. पण पहिल्या बेरजेनंतर ए पुढे ?? आले, पाचव्यानंतरही ??, आणि उत्तराच्या जागेत शेवटी ?? जाऊन बसले. मुलाने एकेक पाऊल पुढे टाकत ते बघितले, मागे आला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ए कुठून आला?" त्याने वर एक ओळ घातली. २५. दुसऱ्या दिवशी किटवरही तीनदा २५.

हे खेळण्यातल्या प्रोसेसरचे झाले असे कुणी म्हणेल. पण दिघ्याहून खाडी ओलांडली की जवळच पवईला आयआयटी मुंबईत 'अजित' नावाचा प्रोसेसर घडवला गेला आहे, २०१९ मध्ये तो जाहीर झाला. त्याची आज्ञावली स्पार्क व्ही-८ या प्रमाणाची आहे. त्या प्रमाणात रिसेटनंतर प्रोग्राम काउंटर आणि अवस्थेची मोजकी बिटे ठरलेली असतात, बाकीच्या रजिस्टरांविषयी वचन नाही. आपल्याकडे प्रोसेसर घडू लागले, तर त्यांना डीबगर जोडणारी माणसेही लागतील, आणि प्रोग्राम सुरू होण्याआधी खिडकीत काय लिहायचे हे त्यांनाही ठरवावे लागेल.

माझ्या खिडकीत आता चार गोष्टी दिसू शकतात. प्रोग्राम चढवलेला नसेल तर रेघा. चढवला, सुरू केला, पण किंमत कुणी दिली नाही तर प्रश्नचिन्हे. दिली तर आकडे. प्रोग्राम संपला की शेवटचे आकडे फिक्या रंगात. इथे मी जीडीबीचे ऐकले नाही, कारण किटवर प्रोग्राम संपला तरी नक्कल मागे उरतेच आणि मुलांना ती बघायची असते.

एक जागा मात्र अजून सुटलेली नाही. फ्लॅगांच्या बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यांतल्या पाचांनाच इंटेलने नावे दिली. उरलेल्या तिघांपुढे पुस्तकांत फुली असते. त्यांतल्या दोन जागी न सांगितलेले फ्लॅग दडलेले असल्याचे पुढे लोकांनी शोधून काढले. प्रोग्रामने फ्लॅग स्टॅकवर ठेवले की हे तीन बिटही स्मृतीत उतरतात आणि कुणीही ते वाचू शकतो. त्यांना अज्ञात म्हणावे तर खरा प्रोसेसर त्यांत काहीतरी ठरावीक लिहितो. ज्ञात म्हणावे तर इंटेलने त्याचे वचन दिलेले नाही. सध्या मी तिथे प्रश्नचिन्हे ठेवली आहेत. मुलगा म्हणाला, कॉलेजात तीन वेगवेगळ्या किटांवर बघून येतो. परवा दोन किटांचे आकडे वहीत लिहून आणले. तिसरे बंद पडले आहे, त्याच्यापुढे त्याने रेघ मारली आहे.